तू खोडलेलं वाक्य

सुमेधा,

तू गेल्यावर तुझ्या जलदान विधीला मला चार शब्द बोलायला सांगितले आणि मी ते वाया घालवले. तुझ्या पदव्या सांगितल्या, तू कोणकोणत्या देशांत राहिलीस ते सांगितलं. समोर राजापुराकडची तुझी सगळी वाडी गाडी करून आली होती. माझं बोलून झालं तेव्हा तुझ्या बाबांचे एक चुलते उठले आणि त्यांनी साधंच विचारलं, "सर, पन पोरीनं नेमकं केलंन काय?" मी म्हटलं, ताऱ्यांभोवतीच्या धुळीचा अभ्यास. त्यांनी मान हलवली आणि ते खाली बसले. ज्युनिअर कॉलेजात जन्मभर फिजिक्स शिकवलेल्या माणसाचं हे उत्तर. त्यांना काही कळलं नाही हे मला दिसत होतं, पण दुःखाच्या आडोशाने मी सुटलो.

म्हणून आता लिहितोय. तुलाच लिहितोय, कारण दुसऱ्या कुणाला सांगायला बसलो की पुन्हा पदव्याच येतात.

गेल्या ऑक्टोबरात तुझा फोन आला तेव्हा मी परसात नारळ सोलत होतो. बऱ्याच वर्षांत आपण बोललो नव्हतो, ईमेल तेवढे चालू होते. तू म्हणालीस की रत्नागिरीत आलेय, आईबाबांकडे, नाचणे भागात. आजारी आहे. आणि त्याच दमात विचारलंस की तुम्हाला सकाळी दोन तास वेळ आहे का. मी विचारलं, कशासाठी? तर म्हणालीस, एक पेपर लिहून पुरा करायचाय आणि समोर बसून विचारणारं कुणीतरी पाहिजे. मी म्हटलं, अगं, मला त्यातलं काय कळतंय? "म्हणूनच," तू म्हणालीस.

दुसऱ्या दिवसापासून मी दहा वाजता यायला लागलो. तुझे बाबा दार उघडायचे. मुंबईत एका कचेरीत शिपाई म्हणून त्यांनी सगळी नोकरी केली, निवृत्त झाल्यावर त्यांनी नाचण्याला हा दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. उघडून झालं की ते गॅलरीत पेपर घेऊन बसायचे आणि आपण बोलत असेपर्यंत आत यायचे नाहीत. आई आतबाहेर करायची. पलंगाला लागून टेबल, टेबलावर लॅपटॉप, आणि तू उशीला टेकून, डोक्याला रुमाल बांधलेली. तीन आठवड्यांनी एकदा तुला केमोसाठी मुंबईला न्यायचे. आलीस की चारपाच दिवस आपला वर्ग बंद. मग पुन्हा दहा वाजता.

पहिल्याच आठवड्यात तू मला एक गणित घातलंस. सूर्याच्या दुपटीने भारी असा एक तरुण, तापलेला तारा, वृश्चिकाच्या बाजूला. त्याच्याभोवती धुळीची चकती फिरते आहे, जिच्यातून पुढे ग्रह व्हायचे. ताऱ्याच्या अगदी जवळ धूळ टिकत नाही, तिची वाफ होते. जिथून ती टिकायला लागते ती चकतीची आतली कड. ती कड आपल्याला इथून केवढी दिसेल? मी पंधरा मिनिटं कागदावर खटपट केली आणि उत्तर आलं, रत्नागिरीतून मुंबईतला तुरीच्या डाळीचा एक दाणा पाहावा एवढी. मला वाटलं माझं चुकलं. तू म्हणालीस, बरोबर आहे, मी त्या दाण्याची कड बघते.

एवढं बारीक बघायचं तर शंभर मीटरहून रुंद दुर्बीण हवी आणि तशी कुणी करू शकत नाही. मग चार लहान दुर्बिणी लांब लांब उभ्या करायच्या, त्यांचा प्रकाश बोगद्यांतून एका खोलीत आणायचा आणि एकमेकांत मिसळायचा. मिसळला की उजेड-काळोखाचे पट्टे उमटतात. त्या पट्ट्यांवरून पलीकडे काय आहे ते हिशोबाने काढायचं. ही इंटरफेरोमेट्री. शाळेच्या पुस्तकात ज्याला आपण व्यतिकरण म्हणतो, तेच. दोन फटींचा प्रयोग मी बारावीला दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवला. प्रत्यक्ष कधी दाखवला नाही, सामान कपाटात बंद असायचं आणि किल्ली कुणाकडे असायची कोण जाणे. तू वर्गात विचारलं होतंस की सर, हे पट्टे खरंच दिसतात का. मी म्हटलं होतं, आकृती नीट काढ, तिला गुण आहेत. तू आठवण करून दिलीस तेव्हा मी हसलो, पण मला लागलं.

मग तू ते मला दाखवलंस. आईला पडदे ओढायला सांगितलेस, बाबांकडून स्टेशनरीच्या दुकानातला लेझर पॉइंटर आणवलास. एक केस पाहिजे म्हणालीस. तुझ्या डोक्यावर केस नव्हते, माझ्याही नव्हते. त्यावर तूच आधी हसलीस. आईने आपल्या अंबाड्यातला एक पांढरा केस ओढून दिला. तो ताणून लेझरसमोर धरलास आणि समोरच्या भिंतीवर तांबडे ठिपके ओळीने पसरले, मध्ये काळोख, पुन्हा ठिपका. आईने विचारलं, ह्या रेघा माझ्या केसाच्या? तू म्हणालीस, हो, आणि ह्यांच्यातलं अंतर मोजलं की तुझा केस केवढा जाड ते सांगता येतं. मोजपट्टी घेऊन मोजलंसही. आईला त्या आकड्यात रस नव्हता. ती भिंतीजवळ जाऊन हात लावून बघत होती.

तुझं खरं काम त्याच्या पुढचं होतं. तो तारा तुम्ही दोन वर्षांत तीन वेळा बघितला होतात, तू आणि परदेशातली तुझी सहकारी मार्ता. रात्र जागावी लागत नाही हे मला तेव्हा कळलं. चिलीच्या वाळवंटात तिथली माणसं दुर्बिणी चालवतात आणि मोजमापं तुमच्याकडे दिवसाउजेडी येतात. तिन्ही वेळची चित्रं तू मला शेजारी शेजारी लावून दाखवलीस. चकतीची कड सगळीकडे सारखी उजळ नव्हती. एका बाजूला जास्त उजळ होती, आणि ती उजळ बाजू सरकत होती. पहिल्या चित्रात पश्चिमेला, तिसऱ्यात पार दक्षिणेला. तू पेपरात लिहिलं होतंस की तयार होत असलेला एखादा ग्रह ही चकती ढवळत असावा. सगळा पेपर त्या वाक्यापाशी येऊन थांबत होता. ते मी दोनदा मोठ्याने वाचलं. मार्ताही त्या वाक्यावर खूश होती.

आपलं भांडण 'चित्र' ह्या शब्दावरून सुरू झालं. माझं म्हणणं होतं की ह्याला चित्र म्हणू नये. थोडेसे पट्टे मोजले आणि मधलं सगळं संगणकाने भरलं, हा अंदाज झाला. तू चिडायचीस. अंदाज कसा लावला हे सगळं लिहिलेलं आहे, म्हणायचीस, त्यात लपवाछपवी नाही. हे आपलं डिसेंबरभर चाललं. आजही मला त्याला चित्र म्हणवत नाही.

त्या वादातच एका सकाळी मी विचारलं की तिन्ही वेळा दुर्बिणी त्याच जागी उभ्या होत्या का. मला तूच सांगितलं होतंस की त्या रुळांवरून हलवता येतात. तू म्हणालीस, नाही, तिसऱ्या वेळी मांडणी वेगळी होती, पण मी ते तपासलंय. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, मी सगळीकडे सारख्या उजळ चकतीवर तपासलंय. एका बाजूला उजळ असलेल्या चकतीवर नाही.

पुढचे तीन दिवस तू तेच केलंस. मध्ये उलट्या होत होत्या, आई बादली घेऊन बसलेली असायची, आणि तू चालूच. अजिबात न बदलणारी एक खोटी चकती तू संगणकात बनवलीस आणि पहिल्या वेळच्या मांडणीने आणि तिसऱ्या वेळच्या मांडणीने ती पाहिलीस. चौथ्या दिवशी मी आलो तेव्हा तू लॅपटॉप माझ्याकडे वळवलास. न बदलणाऱ्या चकतीतसुद्धा उजळ बाजू सरकली होती. तुझ्या खऱ्या ताऱ्यात जेवढी सरकली होती त्याच्या जवळजवळ निम्मी.

त्या दिवशी आपला वर्ग तिथेच संपला. मी लवकर उठलो. जिन्यात माझ्या मनात आलं, कशाला विचारलं मी?

तू मात्र दुसऱ्या दिवसापासून पेपर उलगडायला घेतलास. चित्रं मागे टाकलीस. दुर्बिणी ज्या वेळी तंतोतंत त्याच जागी होत्या तेवढीच मोजमापं एकमेकांशी लावून बघितलीस. बदल होता, पण थोडा. कशामुळे होता ते त्यावरून सांगता येत नव्हतं. फेब्रुवारीत एका सकाळी तू मला नवा मसुदा वाचायला दिलास आणि त्यात ग्रहाचं वाक्य नव्हतं.

मी त्यावर तुझ्याशी भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला जास्त दावा कर म्हणून सांगत होतो. म्हटलं, 'असावा' असंच तर लिहिलंयस, 'आहे' कुठे म्हटलंयस? मार्ताची हरकत नाही, मग तुझी का? ते वाक्य असेल तर लोक पेपर वाचतील, तुझं नाव राहील. वाट बघायला तुझ्याकडे... एवढं म्हणून मी थांबलो.

तू रुमाल नीट केलास. आवाज अजिबात चढवला नाहीस.

"सर, तुम्ही पुन्हा तेच करताय. तेव्हा माझी कीव आली म्हणून मला लहान वाट सांगितलीत, आता कीव येते म्हणून मोठं वाक्य ठेवायला सांगताय. दोन्ही वेळा तुम्ही माझं काम बघितलं नाहीत."

'तेव्हा' म्हणजे कधी, हे मला विचारावं लागलं नाही. बावीस वर्षं मी मनात धरून होतो की तू ते विसरलीस. बारावीचा निकाल लागला होता आणि तुझे बाबा मुंबईहून रजा काढून मला भेटायला आले होते. स्टाफरूमच्या दारात चप्पल काढून उभे. पोरीला फिजिक्स शिकायचंय म्हणते, काय करू, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं की डी.एड.ला घाला. दोन वर्षांत हाताला नोकरी लागेल, घराला आधार होईल, फिजिक्सचं काही खरं नसतं. मला वाटलं मी त्यांचं भलं केलं. ते आभार मानून गेले.

एक गोष्ट मी तुला कधीच सांगितली नाही. त्याच सकाळी, तासाभरापूर्वी, माझ्या ओळखीचे एक आंबा बागायतदार त्यांच्या मुलाला घेऊन आले होते. त्याला गुण तुझ्याहून कमी होते. प्रश्न तोच होता. त्याला मी बी.एस्सी. करायला सांगितलं, पुढे संशोधनात जा म्हटलं, पाठ थोपटली. त्याच्या घरी बाग होती. तुमचं घर बौद्धवाडीत, आणि बाबा शिपाई. मी तुझे गुण पाहिलेच नाहीत, घर पाहिलं. पुढे तू बी.एस्सी.ला गेलीस, पुण्याला गेलीस, परदेशी गेलीस, आणि प्रत्येक टप्प्यावर मला आधी कळवत राहिलीस. दर पत्राबरोबर ही गोष्ट माझ्या घशात थोडी आणखी खाली जात राहिली.

त्या फेब्रुवारीच्या सकाळी हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आई पेजेची वाटी घेऊन आली, तू दोन चमचे घेतलेस आणि डोळे मिटलेस. मी उठलो. दुसऱ्या दिवशी तू असं वागलीस की जणू काही झालंच नव्हतं, आणि मला ते सोयीचं वाटलं.

उरलेले दिवस आपण चौथ्या निरीक्षणाचा अर्ज लिहिण्यात घालवले. तू पडल्या पडल्या सांगायचीस आणि मी दोन बोटांनी टाइप करायचो. स्पेलिंगं चुकली की तू नुसतं "हं" म्हणायचीस. एका अटीवर तू अडून बसलीस, दुर्बिणी पहिल्या वेळी होत्या त्याच जागी पाहिजेत, नाहीतर निरीक्षण नको. मार्चअखेर वेळ मंजूर झाल्याचं पत्र आलं. ते मी तुला वाचून दाखवलं. तू म्हणालीस, आता माझं काम झालं. मी तुझ्यावर रागावलो. असं बोलायचं नाही, म्हटलं. आता वाटतं, तेव्हा रागवायला नको होतं. तू ते खरंच समाधानाने म्हणाली होतीस, आणि मी त्यातलं फक्त जाणं ऐकलं.

शेवटचे आठ-दहा दिवस तुला बोलणं होत नव्हतं. मी यायचो, टेबलापाशी बसायचो. तू कधी डोळे उघडायचीस आणि मी काहीतरी वाचून दाखवायचो. माझी जुनी बारावीची वही होती, दोन फटींच्या धड्याची, ती एकदा वाचली. तुझ्या तोंडावर थोडं हसू आल्यासारखं मला दिसलं. आपल्या वादाच्या भाषेत सांगायचं तर तो माझा अंदाज असेल.

मार्ताचं पत्र तू गेल्यावर सोळाव्या दिवशी आलं. निरीक्षण झालं होतं, तुझ्या अटीप्रमाणे त्याच मांडणीत. पट्टे पहिल्या वेळच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत, तिने लिहिलं होतं. मधली मांडणीची भानगड आता नाही, त्यामुळे शंका घ्यायला जागा नाही. चकती खरोखर बदलते आहे. कशाने ते अजून कळत नाही. तू वाक्य काढलंस म्हणून हे निरीक्षण मागितलं गेलं, नाहीतर आपण चित्रावरच थांबलो असतो, असंही तिने लिहिलं होतं. मी ते पत्र तीनदा वाचलं. तू बरोबर होतीस, सुमेधा, आणि माझ्या प्रश्नाने तुला खाली बघायला लावलं नाही, याचं मला बरं वाटलं. लगेच लाजही वाटली, की ह्यातही मी माझंच बघतोय.

त्या सकाळी दहा वाजता मी तुझ्या घरी गेलो. सवयीने नव्हे, ठरवून. बाबांनी दार उघडलं आणि ह्या वेळी ते गॅलरीत गेले नाहीत. आईही येऊन बसली. मी दोघांना पत्रातलं मराठीत सांगितलं. तारा, धूळ, कड, सगळं पहिल्यापासून. जलदान विधीच्या दिवशी जे जमलं नव्हतं ते त्या दिवशी जमलं, कारण आई मध्ये मध्ये थांबवून विचारत होती. तारा येवढा तापलेला, तर धूळ थोडी थोडी रोज जळत असंल, मग ती संपत कशी नाय? मी म्हटलं, मला माहीत नाही, मार्ताला विचारतो. विचारलंय. अजून उत्तर यायचंय.

मग मी बाबांना म्हटलं की मला आणखी एक सांगायचंय, आणि ते सांगितलं. डी.एड.चं त्यांना आठवतच होतं. मी त्या बागायतदाराच्या मुलाचं सांगितलं. त्याचे गुण सांगितले, मी त्याला काय म्हटलं ते सांगितलं, का म्हटलं तेही, काही न गाळता. बाबांनी चष्मा काढून पंच्याला पुसला.

"ते मला तवाच कललं होतं, सर," ते म्हणाले. "परत जाताना यष्टीत ते बागवाले माझ्याच शेजारी बसले होते. कौतुकानं सांगत होते, सर म्हनाले पोराला शास्त्रज्ञ करा. मी गुन विचारले. घरी जाऊन सुमेधाला दोन्ही सांगितलं, तुला काय म्हनाले आनि त्याला काय म्हनाले. म्हटलं, आता तूच ठरव. ती म्हनाली, मग मी बी.एस्सी.च करनार."

मी विचारलं, म्हणजे तिला तेव्हापासून माहीत होतं?

"पयल्या दिवसापासून."

सुमेधा, तुझी सगळी पत्रं, तुझे ईमेल, ऑक्टोबरातला तो फोन, सकाळचे ते दोन तास, हे सगळं तू मला ते माहीत असताना दिलंस. आता मला कुणी विचारलं तुझ्याबद्दल तर मी हे आधी सांगेन. बाबांनी तुला एकदा विचारलं होतं म्हणे, की सरांनाच कशाला बोलावतेस. तू म्हणालीस, त्यांना एक प्रश्न नीट विचारता येतो. एवढंच. माफ केल्याचं तू काही बोलली नाहीस आणि बाबांनीही ते स्वतःच्या पदरचं जोडलं नाही. त्यांच्या ह्या खरेपणाबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

माझं चुकलं, सुमेधा. हे मी तुझ्या आईबाबांसमोर बोललो आणि आता इथे लिहिलं. बोलायला हवं होतं तुझ्यासमोर, आणि सहा महिने मी रोज सकाळी तुझ्यासमोरच बसलेलो होतो.